साप मागे लागलाय, तर गातोय कशाला?

मे महिन्यातली संध्याकाळ. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा हॉल, जमिनीवर सतरंज्या, भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधलेली आणि तिच्यावर प्रोजेक्टरचा उजळ चौकोन. सुट्टीतल्या पोरांना काहीतरी वेगळं दाखवावं म्हणून कुणीतरी हौसेने मोत्सार्ट या युरोपीय संगीतकाराचा ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून सांगितलेलं नाटक, लावला होता, 'द मॅजिक फ्लूट'. पडदा उघडतो, एक राजपुत्र धावत येतो, मागे भला मोठा साप, आणि राजपुत्र गायला लागतो. पहिल्या रांगेतल्या सहा-सात वर्षांच्या मुलाने मागे वळून विचारलं, "साप मागे लागलाय ना, मग पळायचं सोडून गातोय कशाला?" पोरं फिस्सकन हसली. प्रोजेक्टरपाशी बसलेले काका म्हणाले, "अरे, ऑपेरात असंच असतं. गप बघ." मुलगा गप झाला. सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला. पाऊण तासाने हॉलमध्ये चार मुलं उरली होती आणि त्यातली दोन झोपली होती.

'असंच असतं' हे उत्तर फार खटकलं. कारण त्या संध्याकाळी विचारला गेलेला सगळ्यात नेमका प्रश्न तोच होता, आणि तो ऑपेरापुरता नाहीच. आपल्याकडे 'सौभद्र' हे संगीत नाटक १८८२पासून रंगभूमीवर आहे. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय, वेळ हातातून निसटतेय, तरी पात्रं उभी राहून पद आळवतात आणि प्रेक्षक वन्स मोअर देतात. आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही, कारण ते कानावर पडतच आपण मोठे झालो. तिकडेही हेच. १७८६ साली व्हिएन्नात मोत्सार्टच्या 'फिगारो' या ऑपेराला इतके वन्स मोअर पडायला लागले की खुद्द बादशहाला हुकूम काढावा लागला, की एकाहून जास्त जणांनी मिळून गायचा भाग पुन्हा गायचा नाही. थोडक्यात, गोष्ट थांबली तरी चालेल पण हा सूर आणखी एकदा हवा, ही भूक दोन्हीकडची सारखीच. मुलांना ती भूक अजून लागलेली नसते. त्यांना गोष्ट हवी असते. म्हणून गाणं हीच गोष्ट आहे, हे त्यांना आधी कळायला हवं. ते सांगून कळत नाही, करून बघावं लागतं.

करून बघायला काहीच लागत नाही. मुलांना विचारायचं, तुम्ही खाली खेळत असता तेव्हा आई तिसऱ्या मजल्यावरून हाक कशी मारते? सगळी मारून दाखवतात. "ओमऽऽ!" "सईऽऽ!" आता त्याच नावाने जेवणाच्या ताटावर कशी बोलावते? "ओम, ये." नाव तेच, फरक फक्त लांबवलेल्या स्वरात. अंतर वाढलं की शब्दातला स्वर ताणला जातो, ताणला की त्याला उंची येते, चढउतार येतो, आणि हाकेचं अर्धं गाणं झालेलं असतं. सकाळी हातगाडीवाला "मेथीऽऽ, पाऽऽलक" म्हणतो तेही तेच. मग मुलांकडून "वाचवा" हा शब्द चार प्रकारे म्हणवून घ्यायचा. एकदा शेजारच्याच्या कानात, एकदा वर्गाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा, एकदा रस्त्यापलीकडे पोचेल असा आणि एकदा असा की ऐकणारं कुणी आहे की नाही तेच माहीत नाही. चौथ्या वेळी निम्मी मुलं आपोआप गायलेली असतात. त्यांना ते लक्षात आणून द्यायचं, बस. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. ही पाच मिनिटं त्या हॉलमध्ये कुणीच दिली नव्हती.

आता कथेची बाजू. ऑपेरात दोन प्रकारची गाणी असतात असं धरून चालायला हरकत नाही. एका प्रकारात गोष्ट पुढे सरकते: कोण आलं, कुठून आलं, काय निरोप आणला. हे गाणं बोलण्याच्या जवळ असतं, चाल साधी, शब्द भराभर. दुसऱ्या प्रकारात गोष्ट थांबते आणि माणसाच्या मनात काय चाललंय ते उलगडतं. शब्द थोडे, तेच तेच, आणि सूर मोकळे. इटालियन भाषेत पहिल्याला रेचितातिव्हो आणि दुसऱ्याला आरिया म्हणतात, पण ही नावं मुलांना सांगायची काहीही गरज नाही. कीर्तन ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. बुवा आख्यान सांगता सांगता साकी, दिंडी, ओवी म्हणतात, त्यात कथा पुढे जाते. आणि ऐन प्रसंगाला आले की झांज धरून पद उचलतात, तिथे कथा थबकते. 'सौभद्र' लिहिणाऱ्या किर्लोस्करांनी साकी-दिंडी नाटकात आणल्या त्या संवाद पुढे न्यायला, आणि पदं ठेवली मन मोकळं करायला. म्हणजे ऑपेरा सांगायची रीत आपल्या घरातच आहे. पंचवटीत, काळारामाच्या आवारात, गल्लीतल्या दत्ताच्या देवळात ज्यांनी कीर्तनाचा उत्तररंग, म्हणजे आख्यानाचा भाग, ऐकलाय, त्यांनी कीर्तनकारासारखंच सांगावं. सांगत सांगत पदाच्या उंबरठ्यापर्यंत यावं आणि तिथे तोंड मिटून गाणं लावावं.

तोंड मिटणं सगळ्यात अवघड जातं. गाणं चालू असताना "आता बघ हां, आता ती चिडणार" असं सांगत बसणारा मोठा माणूस मुलाचा कान स्वतःकडे ओढून घेतो. जे सांगायचं ते आधी, तेही एका वाक्यात. "हिची मुलगी पळवून नेलीय, आणि ही या अनोळखी मुलाला मदत मागतेय." एवढं पुरे. पुढचं मुलांना चेहऱ्यावरून, सुरावरून कळू द्यावं. खालची इंग्रजी अक्षरं बंद करावीत. आठ वर्षांच्या मराठी शाळेतल्या मुलाला ती त्या वेगाने वाचता येत नाहीत, आणि न वाचता येणारी अक्षरं डोळ्यांसमोर पळत राहिली की गाणंही परीक्षेसारखं वाटायला लागतं. इंग्रजी शाळेतली मुलं वाचतात खरी, पण मग नुसती वाचतच बसतात.

आणि तीन तास तर मुळीच नाही.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना एका वेळी सहा ते आठ मिनिटं गाणं, नऊ-दहा वर्षांच्यांना पंधरा, मध्ये गोष्ट, मध्ये खेळ, मिळून पाऊण तास. पुढचा भाग पुढच्या शनिवारी. 'मॅजिक फ्लूट' पुरा अडीच-तीन तासांचा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने मुलांसाठी तो कापून दोन तासांच्या आत आणला आणि इंग्रजीत गायला लावला, यावरून काय ते समजावं. मोत्सार्टने तो राजवाड्यासाठी लिहिलेला नाही. १७९१च्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका लोकप्रिय नाट्यगृहात, साध्या तिकीट काढून येणाऱ्या लोकांपुढे तो पहिल्यांदा झाला. मध्ये मध्ये सरळ बोलणं आहे, आपल्या संगीत नाटकासारखं. ज्याने गोष्ट लिहिली त्या शिकानेडरने स्वतःच पापागेनोचं काम केलं. पापागेनो म्हणजे पक्षी पकडणारा, अंगावर पिसं, पाठीवर पिंजरा, सदा भुकेला, थापाड्या. मुलांना राजपुत्रापेक्षा हाच आवडतो, म्हणून सुरुवात याच्यापासून करावी.

पापागेनोच्या गळ्यात पाच नळ्यांची बासरी असते. तो गातो, मध्येच थांबून ती फुंकतो आणि पाच सूर चढत जातात. ते पाच सूर कोणते? सा रे ग म प. अगदी बरोब्बर तेच, पेटीच्या पांढरी पाचला सा धरून. नाशिकच्या कुठल्याही गल्लीत पेटीच्या क्लासला जाणाऱ्या पोराने पहिल्या दिवशी शिकलेले सूर व्हिएन्नातल्या पक्षीवाल्याच्या बासरीत निघतात, हे कळल्यावर मुलांचे जे चेहरे होतात ते बघण्यासारखे असतात. ही बासरी घरी करता येते. इलेक्ट्रिक फिटिंगची पातळ पीव्हीसी पाइप घ्यायची, किंवा मिल्कशेकच्या जाड कागदी नळ्या. पाच तुकडे: सा अकरा सेंटीमीटर, रे पावणेदहाच्या जरा वर, ग पावणेनऊ, म सव्वाआठ, प सात सेंटीमीटर तीन मिलिमीटर. मागचं गणित सोपं आहे. सा च्या नळीच्या तीन चतुर्थांश लांबीची नळी म देते आणि दोन तृतीयांश लांबीची प. मोठ्या मुलांकडून हा हिशोब करून घ्यावा, अपूर्णांक पाटीवरून उतरून कानात येतात. प्रत्येक तुकडा मात्र दोन-तीन मिलिमीटर जास्तच कापायचा, कारण नळी लांब असली तर घासून सूर चढवता येतो, आखूड झाली तर हातात काही उरत नाही. खालचं टोक मेणाने किंवा खेळण्याच्या क्लेने घट्ट बुजवायचं. सूर थोडा उतरलेला वाटला तर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने ते बूच आत सरकवायचं, सूर चढतो. मग पाचही नळ्या वरची तोंडं एका रेषेत ठेवून दोन आइस्क्रीमच्या काड्यांमध्ये दोऱ्याने बांधायच्या.

पहिल्या खेपेला हमखास नुसती हवा फुसफुसते. दोन कारणं असतात. एक तर बूच गळतं, ते ओलं बोट लावून तपासावं. दुसरं म्हणजे मुलं नळीत फुंकतात. नळीच्या आत नाही, काठावरून फुंकायचं, औषधाच्या रिकाम्या बाटलीवर फुंकून शिट्टी काढतात तसं. खालचा ओठ काठाला टेकवायचा आणि फुंकर समोरच्या कडेवर आदळू द्यायची. कागदी नळ्या पाच मिनिटांत ओठाशी मऊ पडतात, त्यांच्या तोंडाला आधीच मेणबत्ती चोळून ठेवावी. बासरी झाली की पापागेनोचं गाणं लावायचं आणि जिथे त्याची बासरी येते तिथे मुलांनी आपली वाजवायची. थोडी पुढे, थोडी मागे, बेसूर, काही बिघडत नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत बहुतेक सगळी जागेवर येतात. आणि एव्हाना मुलं दोन मिनिटं जर्मन गाणं कान टवकारून ऐकत असतात, आपली जागा चुकू नये म्हणून.

पुढचा प्रसंग तर मुलांसाठीच लिहिल्यासारखा आहे. पापागेनो थाप मारतो की साप मीच मारला, नुसत्या हातांनी. ज्यांनी साप मारलेला असतो त्या तीन बायका येतात आणि त्याला रोजच्या वाइनऐवजी पाणी देतात, गोड पावाऐवजी दगड, आणि अंजिरांऐवजी तोंडाला सोन्याचं कुलूप. नंतर तो "हं हं हं हं" एवढंच गातो. ओठ मिटून. मुलांना ओठ मिटायला सांगून आज शाळेत काय झालं ते नुसत्या 'हं'मध्ये सांगायला लावावं. बाकीच्यांनी ओळखायचं. भांडण झालं की डबा सांडला, हे शब्दाशिवाय कळतं. मग कुलूपवालं गाणं ऐकवावं. शब्द न समजताही गोष्ट समजते, ही खात्री मुलाला एकदा पटली की जर्मन, इटालियन, झेक, काहीही लावा, ते घाबरत नाही.

'मॅजिक फ्लूट'मधल्या रात्रीच्या राणीचं, म्हणजे मुलगी पळवून नेलेल्या त्या आईचं, प्रसिद्ध गाणं मात्र जपून. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांमुळे ते पुष्कळांना ठाऊक असतं, आणि मोठी माणसं मुलांना तेच आधी दाखवतात, "बघ किती वर आवाज जातो". वर जातो हे खरंच, सुमारे १४०० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला १४०० कंपनं. पण तेवढंच दाखवलं तर ती कसरत होते आणि मुलं हसून मोकळी होतात. त्या गाण्यात एक आई स्वतःच्या मुलीच्या हातात खंजीर देऊन म्हणतेय, खून कर, नाहीतर तू माझी मुलगी नाहीस. हे आधी सांगून मग ऐकवलं की तेच टोकदार सूर कापायला लागतात. आठ वर्षांखालच्या मुलांना मी म्हणेन की नकोच. आणि याच ऑपेरात मोनोस्टाटोस नावाचं पात्र आहे, त्याच्या तोंडी आणि त्याच्याबद्दल कातडीच्या रंगावरून आलेले शब्द आहेत. आजचे पुष्कळ दिग्दर्शक ते बदलतात, सगळे नाही. म्हणून जे दाखवायचं ते मोठ्यांनी आदल्या रात्री एकदा पुरं बघून ठेवावं. काळ्या रंगावरून चिडवलेलं पोर आपल्या प्रत्येक वर्गात बसलेलं असतं.

लहानांसाठी त्याहून चांगला आहे हुम्परडिंक या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा 'हेन्सेल आणि ग्रेटेल'. तो मुळात घरातल्या मुलांसाठी केलेल्या गाण्यांतून वाढला. बहिणीने शब्द लिहिले, भावाने सूर दिले, आणि १८९३च्या नाताळाच्या तोंडावर व्हायमारला त्याचा पहिला प्रयोग झाला. केरसुण्या विकणाऱ्याची दोन मुलं घरात उपाशी आहेत, काम टाकून नाचतात, आई येते, रागाच्या भरात दुधाचा एकुलता एक लोटा फुटतो, आणि आई त्यांना रानात स्ट्रॉबेऱ्या आणायला हाकलते. चेटकीण नंतर येते. पण मुलं आधी त्या फुटलेल्या लोट्याशी अडकतात. घरात एवढंच दूध होतं, ते सांडलं, आणि आई ओरडता ओरडता रडायला लागते, हे कुठल्याही चाळीतल्या मुलाला कळतं. इथे एक प्रश्न नक्की येतो: "हेन्सेल मुलगा आहे ना, मग बाई का गातेय?" याचं उत्तर महाराष्ट्रात जितकं सोपं आहे तितकं कुठेच नसेल. बालगंधर्वांचा रुक्मिणीच्या वेशातला फोटो दाखवायचा. हे गृहस्थ शालू नेसून रुक्मिणी व्हायचे, तशी ही बाई विजार घालून हेन्सेल झालीय. मुलं मान डोलावतात आणि पुढे बघतात.

रानात रात्र होते, वाट चुकलेली भावंडं झोपण्याआधी प्रार्थना म्हणतात. चौदा देवदूत राखण करोत: दोन उशाशी, दोन पायथ्याशी, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, दोन पांघरूण घालायला, दोन उठवायला आणि दोन स्वर्गाची वाट दाखवायला. मुलं बोटांवर मोजतात, चौदा भरतात. दिवेलागणीला रामरक्षा ऐकलेल्या कानाला हे परकं कसं वाटेल? तिथे राघव शिर राखतो, दशरथात्मज कपाळ राखतो, एकेक अवयव एकेका नावाच्या ओटीत घालत भीती मिटवलेली असते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवावं, कुठलंही भाष्य न करता, आणि दिवे जरा मंद करून. मग पुढच्या आठवड्यात ऑपेराची अगदी सुरुवात लावावी, पडदा उघडण्याआधीचं नुसतं वाद्यांचं संगीत. चार हॉर्न जी धून उचलतात ती हीच प्रार्थना. कुणीतरी पोर ओरडतंच, "अरे, हे झोपायचं गाणं!" सूर हेही एक पात्र असतं, ते पडद्याआडून आधीच येऊन बसतं, हे त्या क्षणी त्याला कळलेलं असतं. आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवात, सोंग दिसायच्या आधी सांबळ सांगतंच ना, की आता कोण येतंय.

नाशिकच्या मुलांना एक ऑपेरा तर हक्काने ऐकवावा, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं. गुस्ताव्ह होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने महाभारतातल्या सावित्रीवर तो रचला, लंडनला १९१६ साली त्याचा पहिला प्रयोग झाला. होल्स्ट संस्कृत शिकला होता. जेमतेम अर्ध्या तासाचा ऑपेरा, गाणारे तिघं, सावित्री, सत्यवान आणि यम, वादक बारा, आणि आडून शब्दांविना गाणाऱ्या बायका. हा प्रयोग उघड्यावर किंवा लहानशा जागेत करावा, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. सुरुवातीला एकही वाद्य नाही. काळोखातून नुसता यमाचा खर्जातला आवाज येतो, सावित्रीला हाक मारत. मग दुसरीकडून तिचा आवाज, वेगळ्याच स्वरात, जणू दोघं एका जगात उभेच नाहीत. वटपौर्णिमेच्या आसपास, वडाला गुंडाळलेला दोरा अजून नवा असताना, संध्याकाळी पारावर बसून स्पीकरवर एवढी चार मिनिटं ऐकवली तर पडदा, प्रोजेक्टर काही लागत नाही. गोष्ट मुलांना ठाऊक असते, त्यामुळे 'पुढे काय' हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो 'कसं'. आणि मुलं फरक बरोबर पकडतात. आपल्या कथेत सावित्री सासऱ्यांची दृष्टी मागते, राज्य मागते, वडिलांना शंभर पुत्र मागते, मग स्वतःला शंभर पुत्र मागते आणि यम शब्दात सापडतो. होल्स्टची सावित्री एकच मागते, आयुष्य, भरभरून आयुष्य. यम देऊन टाकतो, आणि मग ती म्हणते, सत्यवानाशिवाय ते आयुष्यच नाही. कुठली सावित्री जास्त हुशार, यावर दहा वर्षांच्या मुली अर्धा तास भांडू शकतात. भांडू द्यावं.

तांत्रिक गोष्टी थोड्या, पण त्यांच्यावाचून सगळं फसतं. मोबाइलच्या स्पीकरवर ऑपेरा ऐकवू नये. खालचे सूर गळून जातात, वरचे किंचाळल्यासारखे येतात, आणि मूल म्हणतं की बाई ओरडतेय. ते बरोबरच असतं, त्याने ऐकलं तेच सांगितलं. साधा ब्लूटूथ स्पीकर चालेल, पण तो पडद्याच्या बाजूला, मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवावा, मागच्या खिडकीत नाही. आवाज ठरवताना आधी सगळ्यात दणदणीत जागा लावून बघावी आणि त्यावर बेतावं. हळू जागेवर आवाज वाढवून ठेवला तर पुढे सगळे एकदम गातात तेव्हा धाकटी पोरं दचकतात आणि पुन्हा बसत नाहीत. मे महिन्यात पंखा पाचवर असला की प्रार्थना ऐकूच येत नाही, म्हणून सकाळी आठची वेळ बरी. आणि व्हिडिओच्या मध्ये जाहिरात येणार नाही याची सोय आधीच करावी. यमाच्या हाकेनंतर वॉशिंग पावडर आली की संपलं.

जमलं तर एकदा माइकशिवाय गाणारा माणूस समोर उभा करावा. नाट्यसंगीत गाणारे कितीतरी जण नाशकात आहेत, कुणीही आनंदाने येईल. आजच्या मुलांनी मोकळा कसलेला गळा वीस फुटांवरून ऐकलेलाच नसतो, शाळेच्या प्रार्थनेलाही माइक असतो. ऑपेराचा गायक साठ-सत्तर वाद्यांवरून माइकशिवाय पोचतो, त्याचं कारण ताकदीत कमी आणि घडणीत जास्त आहे. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, तर कमावलेल्या गळ्यात ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार तयार होते, जिथे वाद्यं विरळ असतात आणि आपला कान सगळ्यात तीक्ष्ण. आवाज गर्दी ढकलत नाही, मोकळ्या गल्लीतून निघून येतो. मुलांना हे पटतं. गर्दीच्या रविवार कारंजावर संध्याकाळी चालून बघितलेलं असतं त्यांनी.

एक गोष्ट मात्र ऑपेरात आहे आणि आपल्या संगीत नाटकात फारशी नाही: तिघं-चौघं एकाच वेळी वेगवेगळं गातात. बोलण्यात तो गोंगाट होईल, गाण्यात होत नाही. मुलांचे तीन गट करावेत. पहिल्याने सा वर "भूक लागली" धरून ठेवायचं, दुसऱ्याने ग वर "घरी चला", तिसऱ्याने प वर "अजून खेळू". पेटीवर तिन्ही सूर आधी दाबून दाखवावेत. एकेक गट मिसळत गेला की हॉलभर एक गोल, भरलेला आवाज उठतो, भांडण तेच, पण कानाला गोड. तो थांबल्यावर मुलं क्षणभर स्वतःच दचकून शांत होतात. हे दर वेळी होत नाही. प चढा लागतो, कुणीतरी मुद्दाम खोडी काढतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतं. जमेपर्यंत करावं.

मोठ्या मुलांचं वेगळं. बारा-तेराच्या पुढे शिरवाडकरांचं 'राजमुकुट', म्हणजे 'मॅकबेथ'चं मराठी रूपांतर, वाचून मग व्हेर्दीच्या 'मॅकबेथ' ऑपेरातलं राणीचं झोपेत चालणं ऐकवता येतं. आणि ज्यांना गृहपाठाचा कंटाळा आहे त्यांना राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा पाऊण तासाचा ऑपेरा, १९२५चा, कोलेत या लेखिकेच्या शब्दांवर केलेला. हट्टी मुलगा घरातल्या वस्तू फोडतो, मग खुर्च्या, किटली, मांजरं त्याच्यावर उलटतात. गणिताचा म्हातारा आकड्यांची फौज घेऊन येतो आणि चार नि चार अठरा, अकरा नि सहा पंचवीस, सात नवे तेहेतीस असं गात नाचतो. मुलांनी चुका पकडायच्या, आणि चाल इतकी जलद आहे की त्यांचीच धांदल उडते. शेवटी मुलगा जखमी खारीच्या पायाला पट्टी बांधतो आणि सगळे प्राणी त्याच्यासाठी त्याच्या आईला हाक मारतात. शेवटचा शब्द तोच. दोन सुरांत, "आई". तिसऱ्या मजल्यावरून येणारी हाक इथे उलट्या दिशेने वर जाते.

संपल्यावर "आवडलं का?" विचारू नये. "छान" असं उत्तर येतं आणि दार बंद होतं. त्याऐवजी विचारावं, तो कुठे थांबला होता? त्याच्या हातात काय होतं?

त्या राजपुत्राच्या हातात काय होतं, हेच त्या संध्याकाळी कुणी बघितलं नव्हतं. मूळ संहितेत लिहिलेलं आहे: हातात धनुष्य, पण बाण नाही. शिकारीला आलेला, परक्या रानात वाट चुकलेला, बाण संपलेले. आणि तो पळायचं सोडून गातही नाही, पळतच येतो, पळून दमलेला असतो. मिनिटभर हाका मारतो आणि शुद्ध हरपून पडतो. पुढच्या शनिवारी त्याच हॉलमध्ये पुन्हा सतरंज्या पडल्या, या खेपेला सकाळी. आधी हाकांचा खेळ झाला. मग तोच प्रसंग लावला, राजपुत्र आला तिथेच चित्र थांबवलं, आणि मुलांना त्याच्या हाताकडे बघायला सांगितलं.

"धनुष्य आहे," कुणीतरी म्हणालं.

"आणि बाण?"

पहिल्या रांगेतला तो मुलगा गुडघ्यांवर उठून चादरीच्या अगदी जवळ गेला, प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या पाठीवर, सापाची शेपटी त्याच्या शर्टावर. त्याने राजपुत्राचा खांदा बघितला, कमर बघितली, मागची जमीन बघितली.

"संपलेत," तो म्हणाला. "मग ओरडणारच की. लावा ना पुढे."